सखीचा वन्स मोअर

पिंपळे गुरवला तेव्हा बस गावाच्या तोंडापर्यंतच यायची. पुढे रस्ता होता तो बैलगाडीपुरता. त्यामुळे शेवटच्या थांब्यावर एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला विहिरीचा कठडा, अशा बेचक्यात ड्रायव्हरला बस उलटी घेऊन वळवावी लागे. नवे ड्रायव्हर या कामात घामाघूम होत. एक मात्र होता, जुना, पान खाणारा. तो एका हाताने चाक फिरवत एका झटक्यात बस वळवून उभी करी. एका संध्याकाळी मी ट्रंक घेऊन त्या बसमधून उतरलो, तर कठड्यापाशी धोतर नेसलेले, गोरेपान, पाठीने ताठ असे एक म्हातारबुवा उभे होते. बस वळली आणि त्यांनी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "वन्स मोअर!"

ड्रायव्हर हसला, पिंक टाकली, बस पुढे घेतली आणि पुन्हा एकदा वळवून दाखवली. आत तीन-चार बायका रिकाम्या पाट्या घेऊन अजून बसलेल्याच होत्या. त्यांनी ड्रायव्हरच्या नव्हे, म्हातारबुवांच्या नावाने कडाकडा बोटं मोडली.

हेच दत्तूनाना, आणि मी जी खोली बघायला आलो होतो ती यांचीच निघाली. मी मूळचा लातूरकडचा. भोसरीच्या एका वर्कशॉपात ड्राफ्ट्समन म्हणून नुकताच चिकटलो होतो. नानांच्या घरामागे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, त्या ते कंपनीतल्या सड्याफटिंग लोकांना भाड्याने देत. जात, पगार, लग्न, काही न विचारता त्यांनी माझी मुलाखत घेतली ती अशी:

"गाता का?"

"नाही."

"वाजवता?"

"नाही हो."

"ऐकता तरी का?"

"ऐकतो."

"मंग ऱ्हावा."

मी सात वर्षं राहिलो. आज मी त्याच पिंपळे गुरवात सातव्या मजल्यावर राहतो. कठडा गेला, विहीर गेली, आणि बस आता न वळता सरळ पुढे निघून जाते. पण त्या थांब्यावरून जाताना माझी मान अजून डावीकडे वळते.

नाना म्हणजे दोन माणसं एका धोतरात, असं मी सुरुवातीला मित्रांना सांगायचो. एक होता गावातल्या शंकराच्या देवळाची पूजा करणारा, बेल तोडणारा, पत्रावळ्या लावणारा, "व्हय" आणि "न्हाई" बोलणारा गुरव. आणि दुसरी होती एक बाई. हसू नका. पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हा एक संगीत नाटक कंपनी पुण्यात मुक्कामाला होती. कंपनीच्या मालकांनी देवळात आरती म्हणणारा अकरा-बारा वर्षांचा दत्तू ऐकला आणि बापाकडून मागून नेला. त्या काळी नाटकात बायकांची कामं पुरुषच करीत. दत्तूला लुगडं नेसवलं गेलं आणि ते पुढची अकरा वर्षं सुटलं नाही. मग कंपनी मोडली, बोलपट आले, बायकांची कामं बायका करू लागल्या आणि नाना गावी येऊन पुन्हा शंकराला पाणी घालू लागले. पण ती बाई काही पूर्णपणे गेली नव्हती. सत्तरीतले नाना ओट्यावर बसायचे तेव्हा आधी डाव्या हाताने धोतराच्या निऱ्या सावरायचे, मग एक गुडघा टेकायचे आणि मग अलगद बसायचे. पायरी उतरताना नजर पायाकडे नाही, समोर. "पायाकडं बगितलं का राणीची मोलकरीन झाली," असं त्यांचं म्हणणं.

रोज सकाळी मिऱ्याचं गरम पाणी. दिवस मावळल्यावर दही नाही. आणि कुणाच्या बोलण्याच्या मध्ये खोलीत शिरायचं नाही. हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. दुसऱ्याचं वाक्य चालू असताना प्रवेश घेणं हे त्यांच्या लेखी चोरीहून वाईट होतं. एकदा त्यांच्या बायकोचं, यमुनाकाकूंचं, शेजारणीशी दारातच भांडण जुंपलं होतं. नाना दुधाचा तांब्या घेऊन बाहेर उन्हात थांबले. वाक्य संपेल, मग आत जाऊ. काकूंची वाक्यं संपणारी नव्हती. पाऊण तासाने शेजारीण गेली तेव्हा दूध नासलं होतं.

"आत यायला काय धाड भरली हुती?" काकू कडाडल्या.

"तू थांबलीस कुटं?" नाना म्हणाले. "श्वास घ्यायला तरी थांबावं मानसानं. नाटकात असतीस तर पयल्या अंकातच ग्येली असतीस."

एरवी बोलणं असं मावळातलं. पण नाना खरोखर संतापले की शुद्ध बोलत, आणि तेही नाटकातलं. घरात त्यामुळे एक सोय होती. भाषा बदलली की आम्ही भाडेकरू आपापल्या खोलीत जाऊन कडी लावत असू. एकदा कुणाचा तरी मोकाट बैल परसातल्या बेलाच्या रोपाला तोंड लावत होता. नाना दारात आले, उजवा हात लांब केला आणि गरजले, "निर्लज्जा! माझ्या दृष्टीसमोरून या क्षणी चालता हो!" बैल गेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या पोरांनी काठ्या मारूनही जो हलत नव्हता, तो मान खाली घालून गेला.

काकूंना या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या चाकणकडच्या, कांद्याच्या रानात वाढलेल्या, काटक. त्यांचं लग्न झालं तेव्हा नानांचं नाटक सुटून वर्ष उलटलं होतं. नवऱ्याच्या कलेविषयी त्यांचं मत एका वाक्याचं होतं: "अकरा वर्सं बाई हुते म्हनं, आन् घरात एक दिस भांडं घासलं न्हाई." नानांना रंगभूषा केलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांचं पदही कधी ऐकलं नव्हतं. कारण पेटी आणि माणसं असल्याशिवाय पद म्हणायचं नाही अशी कंपनीच्या मालकांची सक्त ताकीद होती. मालक जाऊन चाळीस वर्षं झाली तरी नाना ती पाळत. घरात पहिली ओळ तेवढी गुणगुणायचे, "कशी कथू तो निरोप त्यांना", आणि तिथेच थांबायचे. पुढे काय आहे ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण वन्स मोअर मात्र ते सढळ हाताने वाटत. त्यात काही मानपान नव्हता. पेरू विकणारी एक बाई फार सुरेल हाळी देत यायची. तिला वन्स मोअर. माझ्या शेजारच्या खोलीतला गायकवाड टर्नर होता, त्याने वर्कशॉपातून पितळेचा भोवरा कातून आणला. तो ओट्यावर जागच्या जागी इतका स्थिर फिरला की उभाच वाटला. त्यालाही वन्स मोअर. गायकवाड बिचारा दुसऱ्या दिवशी आणखी एक भोवरा कातून घेऊन आला. काकूंच्या तव्यावर एखादी भाकरी टम्म फुगली की माजघरातून आवाज यायचा, "वन्स मोअर!" आणि काकू म्हणायच्या, "पीठ संपलं." आमच्या नोकरीत कुणी शाबासकी देत नसे. सुपरवायझर चुकलेला जॉब तेवढा बघायचा. त्यामुळे त्या घरात आपल्या हातून काही चांगलं घडावं आणि नानांच्या नजरेला पडावं अशी आम्हाला चटक लागली होती. माझ्या एका ड्रॉइंगला वन्स मोअर मिळाला होता. त्यातलं नानांना ओ की ठो कळत नव्हतं, पण रेषा बघून ते म्हणाले, "हात कापला न्हाई तुमचा ड्राइंगवाले," आणि दिला. मी तेच ड्रॉइंग पुन्हा काढलं. खरंच काढलं.

एका रविवारी ओट्यावर पत्रावळ्या लावताना गायकवाडने सहज विचारलं, "नाना, तुम्हाला वन्स मोअर किती मिळाले असतील हो? हजारभर?"

नानांनी काडी टोचली. "एकबी न्हाई."

आम्हाला वाटलं थट्टा करतायत.

"मी सखी," नाना म्हणाले. "नायिका मालक सोता. पंचेचाळीस वर्सांचे झाले, प्वाट सुटलं, तरी नायिका त्येच. मी त्येंची सखी. निरोप न्यायचा, निरोप आनायचा, पंखा हालवायचा. दुसऱ्या अंकात एक पद, तेवडं माजं. त्ये संपलं रं संपलं की मालकांचा प्रवेश. लोक मालकांसाठी आलेले असायचे. त्येंना धा-धा वन्स मोअर. येका पदाला धा! मी पंखा हालवत उबा. अकरा वर्सं येक पद म्हनलं, शेकड्यानं खेळ झाले. सखीला वन्स मोअर मिळत न्हाई, बाबा. रीतच न्हाई तशी."

हे सांगताना आवाजात रड नव्हती. पाऊस झाला नाही, असं सांगावं तसं सांगितलं. पण त्या रात्री गायकवाड माझ्या खोलीत येऊन बसला आणि म्हणाला, "राव, या माणसाला एक तरी मिळाला पाहिजे." मलाही तेच वाटत होतं.

आमच्या वर्कशॉपात गणपती बसायचा. सत्यनारायण, आरती, आणि एक संध्याकाळ करमणुकीची. सगळे कामगार बायकापोरांसह येत. त्या वर्षी मंडळाचा चिटणीस मी होतो. मी नानांना गळ घातली की तुमचं पद आमच्या स्टेजवर म्हणा. आधी नाही म्हणाले. मग विचारलं, "पेटी हाय?" दापोडीच्या भजनी मंडळाचा पेटीवाला ठरवला. "तबला?" तोही. "मानसं?" तीनशे. दुसऱ्या दिवसापासून मिऱ्याचं पाणी दोनदा सुरू झालं. तालमीला पेटीवाल्याच्या घरी चार दिवस गेले, पण आम्हाला येऊ दिलं नाही. तालीम बघायला आलेला प्रेक्षक शिळा होतो म्हणे.

इथे मी माती खाल्ली. मला लोकांचा भरवसा वाटेना. तीनशे कामगार, त्यातले निम्मे शिफ्ट करून आलेले, त्यांना त्या जुन्या पदाचं काय? म्हणून मी आणि गायकवाडने बंदोबस्त करायचं ठरवलं. मी ड्राफ्ट्समन, मी शेडचा नकाशाच काढला. चार कोपऱ्यांत चार माणसं: गायकवाड, एक वेल्डर, एक फिटर आणि स्टोअरचा कारकून. चौघांना नीट समजावलं. ओरडायचं कधी? माझ्याजवळ त्या पदाची एकच ओळ होती. मी म्हटलं, "नाना पहिल्या ओळीवर परत आले की समजायचं पद संपलं. त्या क्षणी, चौघांनी, जोरात."

गाण्यातलं थोडं कळणाऱ्या कुणालाही मी विचारलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. नाटकातलं पद फिरून फिरून पहिल्या ओळीवर येतं. कडवं झालं की येतं, तान झाली की येतं. ती ओळ म्हणजे पदाचा शेवट नसतो, ते घर असतं. माणूस बाहेर जातो आणि परत येतो. हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं.

त्या संध्याकाळी नाना पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट आणि टोपी घालून आले. काकू नव्हत्या आल्या. नेमक्या त्याच दिवशी घरी गौरी जेवायच्या होत्या आणि माहेरची माणसं आली होती. स्टेजवर जाण्याआधी नानांनी फळीला हात लावून तो कपाळाला लावला. मी पडद्याच्या कडेला उभा होतो. माझ्याकडे बघून म्हणाले, "ड्राइंगवाले, पन्नास वर्सांनी उबा ऱ्हातोय." आणि गेले.

पेटीने सूर दिला. नानांनी पहिली ओळ घेतली, आणि शेडमधली कुजबुज थांबली. आवाज म्हाताराच होता, पण गोड होता, आणि एकेक शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. ओळ दोनदा म्हटली, पुढची दीड ओळ म्हटली, एक लहानशी तान घेऊन ते अलगद पहिल्या ओळीवर परत आले.

"वन्स मोअर!"

चारही कोपऱ्यांतून, एका क्षणी, एका आवाजात. जणू शिफ्टचा भोंगाच. तबलजी दचकून थांबला. तीनशे माणसं आधी बावचळली आणि मग खो-खो हसली.

नाना थांबले. त्यांनी एका कोपऱ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या. घाई न करता. मग मान वळवून पडद्याच्या कडेला माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी लोकांना हात जोडले आणि शुद्ध भाषेत म्हणाले, "रसिकहो, पद अजून पुष्कळ शिल्लक आहे. घाई नसावी." लोक पुन्हा हसले. शुद्ध भाषेचा अर्थ तिथे फक्त मला आणि गायकवाडला ठाऊक होता.

मग नाना गायले. मी ते आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. ती सखी निरोप घेऊन दाराशी आली आहे. निरोप तिच्या बाईचा आहे, पण ज्याला तो द्यायचा त्याच्यावर हिचंही मन आहे, आणि हे तिला आत्ता, दारात, निरोप ओठांवर असताना कळतंय. एवढंच ते पद. नानांनी एकदा खांद्यावरून नसलेला पदर पुढे घेतला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी आपापले पदर सावरले. कुणी हसलं नाही. पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. शेवटची तान घेऊन ते पुन्हा त्या ओळीवर आले, ती अर्धीच म्हटली, "कशी कथू...", आणि खरोखरच पद संपलं.

क्षणभर शांतता होती. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी तो शब्द तीनशे जणांच्या ओठांवर होता. मला दिसत होता. पण मघाशी त्याचा पोरखेळ झाला होता. आता कोण ओरडणार, कोण हसं करून घेणार? डाव्या कोपऱ्यातून गायकवाडने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, त्याने भुवया उंचावून विचारलं, देऊ का? आणि मी, शरमेने, मान हलवून नको म्हटलं.

टाळ्या झाल्या. नारळ दिला, हार घातला. पुढचा कार्यक्रम नकलांचा होता.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर त्या पानवाल्या ड्रायव्हरने नेहमीसारखी बस वळवली आणि खिडकीतून मान काढून बघत राहिला. नाना कठड्याशी होते. त्यांनी त्याला नमस्कार केला आणि घराकडे चालू लागले. पेरूवाली आली, गेली. भाकऱ्या फुगल्या. काकूंनी मला परसात गाठलं. "बाबा, ह्ये वरडंना झालेत. ताप-बिप भरला का बग जरा. घर कसं मेल्यावानी झालंय."

आठ दिवस काढले आणि नवव्या दिवशी मी देवळात जाऊन नानांच्या पायाशी बसलो. सगळं सांगितलं. नकाशासुद्धा. मान हलवल्याचं तेवढं सांगितलं नाही. ते आज पहिल्यांदाच सांगतोय.

नाना बेल निवडत होते. म्हणाले, "येका दमात चौगं? आरं, पलटन हाय का ती?" आणि हसले. मला रडू आलं.

"रडू नगंस. तुमी वंगाळ न्हाई केलं. वंगाळ म्या केलंय." त्यांनी बेलाची पाटी बाजूला सारली. "मला एक मिळाला हुता. बार्शीच्या मुक्कामाला. मालकांना त्या दिशी ताप हुता, पर खेळ लावलेला. माजं पद झालं आन् पिटातनं आवाज आला. येकाचा. मंग धा जनांचा. मंग समद्यांचा. वन्स मोअर, वन्स मोअर. मी विंगंकडं बगितलं. मालक उबं हुतं, लुगडं नेसून, तोंडाला रंग लावून, तापानं लाल. त्येंनी मानंनं सांगितलं, न्हाई. म्या हात जोडलं आन् फुडचं वाक्य बोललो. लोक वरडत ऱ्हायले. मंग थकले, आन् गप बसले. ते गप बसनं मला अजून ऐकू येतं."

"मालकांमुळे झालं ते, नाना. तुमचा काय दोष?"

"मालक काय करनार हुते? मारनार हुते? काढलं असतं, तर काढलं असतं. एवडी मानसं परत म्हन म्हन करीत हुती आन् मी येका मानेच्या हालवन्याला भ्यालो. पुन्यांदा कवा मिळाला न्हाई, मंग म्या बी लोकांना सांगत सुटलो, सखीला मिळतच न्हाई. लबाड बोललो. आन् तवाधरनं ज्यो दिसंल त्येला देत सुटलो." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "परवा शेवटाला जे गप बसले ना लोक, त्ये वळखीचं वाटलं मला."

मला वर मान करता येईना. माझीही मान हलली होती.

पुढे माझं लग्न झालं आणि मी चिंचवडला बिऱ्हाड केलं. नानांनी कालांतराने पुन्हा आरोळ्या द्यायला सुरुवात केली असं गायकवाडकडून कळलं, पण कमी, आणि हळू आवाजात. मी सणासुदीला जाऊन येई. मग सणासुदीलाही जमेना. आपण सगळेच असे असतो, आणि नंतर लेख लिहितो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ती उन्हाळ्यातली दुपार होती. मोशीला एक गुंठा जागा बघायला गेलो होतो; ती पटली नाही, आणि परतताना काय वाटलं कुणास ठाऊक, वाट वाकडी करून पिंपळे गुरवला उतरलो. नाना ओट्यावर बाजेवर पडून होते. महिनाभराच्या तापाने पार वाळले होते. गोरेपणा तेवढा शिल्लक होता. घरात नळ आला होता, दिवसातून एकदा, तासभर; काकू आत भांडी भरत होत्या. नळाची धार घागरीत पडत होती, त्याचा आवाज ओट्यापर्यंत येत होता.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग नाना मला म्हणाले, "ड्राइंगवाले, पद म्हनू का?"

"पेटी नाही, नाना."

"मालक न्हाईत, कंपनी न्हाई. पेटी कशाला पायजे? वाटलं, म्हनावं."

आणि त्यांनी म्हटलं. पडल्या पडल्या, डोळे मिटून, सगळं. तानांच्या जागी नुसता श्वास यायचा. दोन ठिकाणी आवाज तुटला, तिथे ते थांबले आणि मग पुढचा शब्द घेतला. पण सखी दाराशी आली, थबकली, आणि निरोप तिच्या ओठांवरच राहिला. पद संपलं. माझ्या घशाशी तो शब्द आला होता. अगदी खरा, कुणीही न शिकवलेला. पण माझ्या तोंडून तो त्यांना खरा वाटेल का, या विचाराने माझी जीभ उचलेना. एकदा खोटा दिलेल्या माणसाने खरा कसा द्यायचा?

काकू लुगड्याला हात पुसत दारात आल्या.

"परत म्हना की," त्या म्हणाल्या. "नळाच्या आवाजात निम्मं ग्येलं माजं."

नानांनी डोळे उघडले. "काय म्हनलीस?"

"परत म्हना म्हनलं. पंचावन वर्सं येकच वळ ऐकत आले. त्या पोरीनं मंग सांगितला का न्हाई त्यो निरोप?"

नाना कोपरावर जोर देऊन उठू लागले. मी हात दिला, पाठीला उशी लावली. ते ताठ बसले.

"बरं," ते म्हणाले. "घेतो."

"काय घेता? पानी आनू?"

"न्हाई. तू बस."

काकू उंबऱ्यावर बसल्या. नानांनी श्वास भरून घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी उठलो, आवाज न करता चपला हातात घेतल्या आणि अंगणातून बाहेर आलो. तिथे माझं काही काम नव्हतं. फाटकाशी वळून पाहिलं. नाना गात होते, समोर, एकाच माणसाकडे बघत. काकूंनी हनुवटीला हात लावला होता. आत घागर कधीच भरली होती, पाणी उंबऱ्यावरून वाहत त्यांच्या लुगड्याखाली येत होतं, आणि काकू उठत नव्हत्या.